सही घेतली म्हणजे संमती मिळाली असं नाही: वॉर्डात नव्यानं रुजू झालेल्यांसाठी कायद्याचे आणि नीतीचे शब्द

रुजू होण्याच्या दिवशी नव्या स्टाफच्या हातात एक झेरॉक्स पडते. दोन पानं, चाळीस-पन्नास शब्द: ऑटोनॉमी, कॉन्फिडेन्शिॲलिटी, निग्लिजन्स, एमएलसी, डामा. ती झेरॉक्स लॉकरमध्ये जाते आणि आठवड्याभरात तिच्यावर डब्याचं तेल सांडलेलं असतं. नर्सिंगमध्ये तीस वर्षं काढल्यावर माझं मत असं, की हे शब्द यादीतून पाठ होत नाहीत. पेशंट गेटमधून आत येतो तिथपासून बाहेर पडेपर्यंत त्याच्या मागोमाग चाललं, की कोणता शब्द कुठे आडवा येतो ते कळतं. म्हणून तसंच चालू या. सिस्टर, ब्रदर, इंटर्न, लॅबवाले, रिसेप्शनवरची मुलं, सगळ्यांसाठीच आहे हे. नियम आपल्या महाराष्ट्रातल्या हॉस्पिटलांना धरून सांगते.

पायरी १: गेटवर

पहिला शब्द कानावर पडतो तो एमएलसी, म्हणजे मेडिको-लीगल केस. ज्या दुखापतीमागे किंवा आजारामागे गुन्हा असू शकतो, किंवा पोलिसांची चौकशी लागू शकते, ती एमएलसी. रस्त्यावरचा अपघात, मारहाण, भाजणं, विष, फाशी, आणलं तेव्हाच मृत असलेला माणूस. एमएलसी करायची की नाही हे तपासणारा डॉक्टर ठरवतो. “आम्हाला केसबिस करायची नाही हो” असं नातेवाईक म्हणाले म्हणून ती टळत नाही. पोलिसांना कळवलं की वेळ, चौकीचं नाव आणि निरोप घेणाऱ्याचा बक्कल नंबर रजिस्टरला लिहायचा.

पण पोलीस येईपर्यंत उपचार थांबत नाहीत. हे आज उघड वाटतं, पूर्वी तसं नव्हतं. एका स्कूटरस्वाराला गाडीनं उडवलं, लोकांनी त्याला जवळच्या हॉस्पिटलात नेलं, तिथून सांगितलं गेलं की पोलीस केस आमच्याकडे घेत नाहीत, वीस किलोमीटरवरच्या हॉस्पिटलात न्या. तो वाटेतच गेला. ही बातमी घेऊन मानवी हक्क कार्यकर्ते परमानंद कटारा सुप्रीम कोर्टात गेले आणि १९८९ मध्ये कोर्टानं सांगितलं, की जीव वाचवणं हे प्रत्येक डॉक्टरचं, सरकारी असो की खासगी, पहिलं कर्तव्य. कुठलीही कायदेशीर प्रक्रिया त्याच्या आड येऊ शकत नाही. आणि ज्यानं जखमीला उचलून आणलं त्याला अडकवून ठेवू नका. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये कलम १३४-अ आलं, त्यानं अशा मदतकर्त्याला संरक्षण दिलंय. त्यानं नाव सांगितलं तर लिहा, नाही सांगितलं तर जाऊ द्या.

कपडे! एमएलसी पेशंटचे कपडे मावशी काळ्या पिशवीत टाकतात आणि पिशवी कचऱ्यात जाते. पुढे तपास अधिकारी येतो आणि शर्ट मागतो. शर्ट कापायचा तर चाकूचं किंवा गोळीचं भोक वाचवून, बाजूनं कापा. ओला असेल तर वाळवा, कागदी पाकिटात घाला, सील करा, पोलिसांना देताना पोच घ्या. पोट धुतल्याचं पाणीही असंच फेकायचं नाही, तेही सील करून पोलिसांना द्यायचं.

भाजलेल्या पेशंटच्या वॉर्डात आणखी एक शब्द: मृत्युपूर्व जबाब. बहुतेक वेळा नायब तहसीलदार येऊन तो घेतात. आपलं काम इतकंच, की पेशंट शुद्धीवर आहे आणि जबाब द्यायच्या स्थितीत आहे हे डॉक्टरांनी तपासून लिहिलंय ना ते पाहायचं, आणि नातेवाईकांना बाहेर काढायचं. सासू पलंगाच्या उशाशी उभी असताना घेतलेल्या जबाबाला काय किंमत राहील, विचार करा.

पायरी २: संमती

इथे मी जरा जास्त वेळ थांबणार आहे, कारण सगळ्यात जास्त चुका इथेच होतात.

संमती तीन तऱ्हांनी येते. बीपी बघायला गेल्यावर पेशंटनं बाही वर केली, ही गृहीत संमती. “इंजेक्शन देते हं” म्हटल्यावर “द्या” म्हणाला, ही तोंडी. ऑपरेशन, भूल, रक्त चढवणं, यांना लेखी. आपल्याकडे लेखी संमती म्हणजे ॲडमिशनच्या वेळी गठ्ठ्यानं पाच कागदांवर “इथे, इथे आणि इथे” करत घेतलेल्या सह्या. त्या सह्या आहेत. संमती झाली की नाही हा वेगळा प्रश्न.

हा वेगळा प्रश्न सुप्रीम कोर्टानं १६ जानेवारी २००८ च्या निकालात सोडवलाय. दिल्लीतली ४४ वर्षांची अविवाहित पेशंट, तपासणीसाठी लॅपरोस्कोपी, म्हणजे पोटात दुर्बीण घालून बघणं, करायची म्हणून तिनं सही केली. ती भुलेखाली असताना डॉक्टरांनी बाहेर बसलेल्या आईची सही घेतली आणि गर्भाशय व अंडाशयं काढून टाकली. हेतू वाईट नव्हता, वैद्यकीयदृष्ट्या निर्णयही अगदीच अवाजवी नव्हता. तरी कोर्टानं म्हटलं, सज्ञान बाई दोन तासांनी शुद्धीवर येणार होती, तिला विचारायला हवं होतं. तपासणीची संमती ही उपचाराची संमती होत नाही, आणि सज्ञान, भानावर असलेल्या माणसाच्या वतीनं आई, नवरा, मुलगा कुणीच सही करू शकत नाही. जिवाला धोका असेल आणि वाट पाहता येत नसेल तर गोष्ट वेगळी. तिथे भारतीय न्याय संहितेचं कलम ३० डॉक्टरला सांभाळतं.

म्हणून सही घेण्याआधी पेशंटला चार गोष्टी कळल्यात का ते पाहा: काय करणार आहेत, का करणार आहेत, त्यात धोका काय, आणि नाही केलं किंवा दुसरं काही केलं तर काय होईल. समजावून सांगणं डॉक्टरांचं काम आहे, तुमचं नाही. तुम्ही साक्षीदार म्हणून सही करता, तेव्हा “माझ्यासमोर सांगितलं” असा तिचा अर्थ होतो. समोर नव्हतात तर सही करू नका, डॉक्टर कितीही घाईत असोत. समजलं की नाही हे ओळखायची माझी युक्ती सोपी आहे. “समजलं ना?” असं कधी विचारत नाही, त्याला सगळेच हो म्हणतात. मी विचारते, “घरी फोन करून काय सांगाल, उद्या काय करणारेत?” एकदा एक काका म्हणाले, “पोटात दुर्बीण घालून बघणारेत.” फॉर्मवर आतडं कापून पोटावर पिशवी लावण्याचं लिहिलं होतं. फॉर्म परत डॉक्टरांकडे.

भाषा हा दुसरा खड्डा. मेळघाटातून आलेल्या कोरकू बोलणाऱ्या बाईकडून मराठी फॉर्मवर अंगठा घेतला, तर ती संमती कागदापुरतीच. ज्यानं तिच्या भाषेत सांगितलं त्याचं नाव आणि सही फॉर्मवर हवी. अंगठा असेल तर कुणाचा आणि कोणत्या हाताचा, तेही लिहा.

नवऱ्याच्या सहीबद्दल एकदा स्पष्ट बोलते. गर्भपातासाठी कायद्याला फक्त त्या बाईची संमती लागते. ती १८ वर्षांखालची असेल किंवा मानसिक आजारी असेल तरच पालकाची. १९७१ च्या कायद्यातच हे आहे. तरी कित्येक ठिकाणी खिडकीवरून “मिस्टर आलेत का?” असं अजून विचारलं जातं, आणि बाई गावी परत जाऊन दिवस वाढवून येते. २०२१ च्या दुरुस्तीनं २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं, २० ते २४ मध्ये ठरावीक गटांतल्या स्त्रियांसाठी दोन डॉक्टरांचं. २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टानं अविवाहित स्त्रियांनाही त्या गटांत धरलं.

संमतीची दुसरी बाजू म्हणजे नकार. झेरॉक्समधले नीतीचे चार शब्द खरे इथे समजतात: स्वायत्तता, हित, अपाय न करणं, न्याय. एक आजी होत्या, मधुमेहानं पाय काळा पडलेला. डॉक्टर म्हणत होते गुडघ्याखाली काढू या, मुलगा सही करायला तयार. आजी म्हणाल्या, “मला अख्खीच जाऊ दे.” हित सांगतं पाय काढा. स्वायत्तता सांगते पाय आजींचा आहे. डॉक्टर दोन दिवस रोज येऊन त्यांच्याशी बोलले, सुनेलाही बसवलं, मग आजींचाच नकार लिहून घेतला आणि ड्रेसिंग चालू ठेवलं. मुलाच्या सहीवर थिएटरमध्ये नेलं नाही. माझ्या मते बरोबर केलं. माझी एक सहकारी अजून म्हणते चूक केलं. न्याय हा चौथा शब्द मात्र पलंगाशी कमी आणि रांगेत जास्त दिसतो: आयसीयूची एक खाट रिकामी आणि मागणारे तीन, तेव्हा ओळखीचा फोन आलेल्याला ती देऊ नका.

पायरी ३: वॉर्डात ऐकलेलं वॉर्डात

गोपनीयता म्हणजे पेशंटबद्दल कळलेलं त्याच्या उपचारात नसलेल्या कुणालाही न सांगणं. लिफ्टमध्ये, कॅन्टीनमध्ये, एसटीत आणि व्हॉट्सॲपवर. “इंटरेस्टिंग एक्स-रे” म्हणून टाकलेल्या फोटोच्या कोपऱ्यात पेशंटचं नाव, वय आणि तारीख असते, ते कुणी पाहत नाही.

एचआयव्हीबाबत २०१७ चा स्वतंत्र कायदा आहे. तपासणीला संमती लागते आणि निकाल उघड करता येत नाही. पलंगावर लाल टिकली, फाइलवर लाल पेनानं मोठं वर्तुळ, “त्या बेडला जपून हं” असं मामांना मोठ्यानं सांगणं, हे सगळं त्यात येतं. ग्लोव्हज सगळ्याच पेशंटसाठी घालायचे असतात, मग खूण हवीच कशाला? गर्भपात केलेल्या बाईचं नाव अनधिकृत माणसाला सांगितलं तर २०२१ पासून एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. नवरा आपोआप अधिकृत होत नाही.

पायरी ४: जिथे गप्प बसता येत नाही

आत्ताच सांगितलेल्या नियमाला मोठा अपवाद म्हणजे पॉक्सो, २०१२ चा कायदा. १८ वर्षांखालच्या मुलावर किंवा मुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, की स्थानिक पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं बंधनकारक आहे. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही. एएनसी ओपीडीत, म्हणजे गरोदर बायकांच्या तपासणीला, सतरा वर्षांची मुलगी मंगळसूत्र घालून येते, सासू सोबत, आधार कार्ड “घरी राहिलं”. लग्न झालेलं असलं तरी हा कायदा लागू होतो. तिथे तुम्ही एकट्यानं काही ठरवू नका. लगेच मेडिकल ऑफिसरांना सांगा, सांगितल्याची वेळ लिहा. मुलगी गर्भपातासाठी आली असेल आणि तिनं व पालकानं विनंती केली, तर पोलिसांना कळवताना तिचं नाव आणि ओळख डॉक्टरनं उघड करायची गरज नाही, हेही २०२२ च्याच निकालात आहे. बऱ्याच डॉक्टरांना ते ठाऊक नसतं.

बलात्कारपीडितेला उपचार मोफत आणि ताबडतोब, खासगी हॉस्पिटलातही. एफआयआर झालेली नसली तरी. तपासणी तिच्या संमतीनं. आणि बाईला संबंधांची सवय आहे का हे ठरवायला पूर्वी करायचे ती ‘दोन बोटांची’ तपासणी कुणी करताना दिसलं, तर लक्षात ठेवा, सुप्रीम कोर्टानं ऑक्टोबर २०२२ मध्ये ती करणाऱ्याला गैरवर्तनाचा दोषी म्हटलंय.

पायरी ५: केसपेपर

केलं पण लिहिलं नाही, ते कोर्टात केलेलं नसतं. सगळे सीनियर हे सांगतात. कसं लिहायचं ते कमी जण सांगतात. दिसलं, ऐकलं, मोजलं, केलं, एवढंच लिहा. “पेशंट दारू पिऊन आला” हा निष्कर्ष झाला. “तोंडाला दारूसारखा वास, बोलणं अडखळत, चालताना तोल जातो” ही नोंद. “नातेवाईक त्रासदायक” असं लिहू नका, ते काय म्हणाले ते त्यांच्याच शब्दांत लिहा. डॉक्टरांना फोन केला तर किती वाजता केला, काय सांगितलं, त्यांनी काय सांगितलं. “डॉक्टरांना कळवले” या दोन शब्दांनी कुणीच वाचत नाही.

चूक झाली तर एक सरळ रेघ, खालचं वाचता येईल अशी, आणि शेजारी सही, तारीख, वेळ. व्हाइटनर ड्युटी रूममध्ये ठेवूच नका. राहून गेलेली नोंद नंतर करायची तर “उशिरा नोंद” असं म्हणून आत्ताची वेळ घालून करा. ओळींच्या मध्ये कोंबू नका.

पेपर कुणाचे, यावर काउंटरवर रोज भांडण होतं. २००२ च्या मेडिकल कौन्सिलच्या नियमांनुसार भरती पेशंटचे पेपर उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं ठेवायचे, आणि पेशंटनं किंवा त्याच्या अधिकृत माणसानं मागितले की ७२ तासांत प्रत द्यायची. एमएलसीचे पेपर खटला संपेपर्यंत हलवायचे नाहीत. “वकिलाला दाखवायचेत का तुम्हाला?” असं विचारायचा अधिकार आपल्याला नाही.

पायरी ६: हलगर्जीपणा

पेशंट दगावला म्हणजे हलगर्जीपणा झाला, असं होत नाही. चार गोष्टी लागतात: काळजी घेण्याचं कर्तव्य होतं, त्यात कसूर झाली, नुकसान झालं, आणि ते त्या कसुरीमुळेच झालं. हे कर्तव्य नेमकं काय, ते सांगणारा जुना निकाल आपल्याच मातीतला आहे. १९५३ च्या मे महिन्यात रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालशेतच्या किनाऱ्यावर वीस वर्षांच्या मुलाची मांडी मोडली. वडील त्याला टॅक्सीनं पुण्याला घेऊन आले. तिथे भूल न देता जोर लावून हाड बसवलं गेलं आणि ९ मे रोजी मुलगा गेला. सुप्रीम कोर्टानं तीन हजार रुपयांची भरपाई कायम केली आणि डॉक्टरची तीन कर्तव्यं सांगितली: केस घ्यायची की नाही हे ठरवताना काळजी, कोणता उपचार ते ठरवताना काळजी, आणि तो करताना काळजी.

दुसरा खटला औरंगाबादच्या सरकारी हॉस्पिटलचा. १९६३ मध्ये नसबंदीच्या ऑपरेशनमध्ये बाईच्या पोटात मॉप, म्हणजे रक्त टिपायचं कापड, राहिला, ती दगावली. निकाल लागला १९९६ ला, तेहतीस वर्षांनी. कोर्ट म्हणालं, पोटात मॉप राहिला यातच सगळं आलं, वेगळा पुरावा काय मागायचा. वकील ज्याला ‘रेस इप्सा लोक्विटर’ म्हणतात ते हे: गोष्ट स्वतःच बोलते. आणि भरपाई सरकारनं द्यायची, कारण नोकराच्या चुकीला मालक जबाबदार. थिएटरमध्ये मॉप मोजणाऱ्या सिस्टरला “झालं का मोजून?” म्हणून हसणाऱ्यांना मी हा खटला सांगते.

तक्रार चार दारांनी येऊ शकते. ग्राहक आयोग (१९९५ पासून पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा त्यात येते, मुदत दोन वर्षं), दिवाणी कोर्ट, मेडिकल किंवा नर्सिंग कौन्सिल, आणि पोलीस. फौजदारी गुन्ह्यासाठी साधी चूक पुरत नाही, घोर हलगर्जीपणा लागतो, हे २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालानं ठरवलं. एक गोष्ट मात्र नर्सिंगच्या मुलींनी नीट वाचावी. नव्या न्याय संहितेच्या कलम १०६ प्रमाणे हलगर्जीपणानं मृत्यू घडवल्यास पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. डॉक्टरला ती दोन वर्षांपर्यंत. ही सवलत मेडिकल रजिस्टरमध्ये नाव असलेल्यांपुरती आहे. त्यात आपलं नाव नसतं. हे मला न्यायाचं वाटत नाही, पण कायदा आज तसा आहे.

उलट बाजूही सांगते. स्टाफवर हात टाकणं किंवा हॉस्पिटलची तोडफोड करणं हा महाराष्ट्रात २०१० च्या कायद्यानं गुन्हा आहे: तीन वर्षांपर्यंत कैद, पन्नास हजारांपर्यंत दंड, आणि नुकसानीच्या दुप्पट भरपाई.

पायरी ७: जाताना

डामा म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध डिस्चार्ज. नुसती सही घेऊ नका. गेल्यास काय होऊ शकतं हे सांगितल्याचं लिहा, औषधं लिहून द्या, पुन्हा केव्हाही या असं सांगा. रागावून पाठवलेला पेशंट रात्री बिघडला तरी परत येत नाही. बिल राहिलं म्हणून पेशंटला किंवा मृतदेहाला अडवून ठेवता येत नाही; राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाच्या रुग्णहक्कांच्या सनदेत ते स्पष्ट आहे. वसुलीचे दुसरे मार्ग आहेत आणि ते अकाउंट्सचं काम आहे.

आयसीयूत नातेवाईक हळूच म्हणतात, “आता काढा ना ती नळी.” या प्रश्नाचा कायदा आपल्या व्यवसायातल्याच एका बाईमुळे उभा राहिला. अरुणा शानबाग मुंबईच्या केईएम हॉस्पिटलात नर्स होत्या. २७ नोव्हेंबर १९७३ ला हॉस्पिटलातच त्यांच्यावर हल्ला झाला, त्या कायमच्या अंथरुणाला खिळल्या, आणि १८ मे २०१५ ला त्या गेल्या तोवर केईएमच्या सिस्टरांच्या पिढ्यांनी त्यांना सांभाळलं. त्यांना भरवणं थांबवून जाऊ द्यावं, ही मागणी २०११ मध्ये सुप्रीम कोर्टानं फेटाळली, पण उपचार थांबवायची वाट तत्त्वतः मान्य केली. २०१८ मध्ये ‘लिव्हिंग विल’ला, म्हणजे शेवटच्या आजारात कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवण्याला, मान्यता मिळाली, २०२३ मध्ये ते सोपं झालं: दोन साक्षीदार, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर सही. प्रत्यक्ष उपचार थांबवायचे तर दोन वैद्यकीय मंडळांची संमती लागते. त्यामुळे खाटेशी कुणी कानात सांगितलं म्हणून तुम्ही काहीही बंद करत नाही. डॉक्टरांचा लेखी आदेश पाहा.

पायरी ८: समन्स आलं तर

घाबरू नका, रजा टाकू नका, समन्स लगेच ऑफिसला दाखवा आणि रेकॉर्ड रूममधून फाइल काढून आधी वाचा. कोर्टात “पेपर पाहून सांगते” म्हणता येतं. आठवत नसेल तर आठवत नाही म्हणायचं. अंदाज सांगायचा नाही.

मी पहिल्यांदा उभी राहिले ती घटनेनंतर सात वर्षांनी. रात्री दोन चाळीसची नोंद, अक्षर माझंच, मजकूर चोख. आरोपीच्या वकिलांनी पेपर माझ्यापुढे धरला आणि सहीवर बोट ठेवलं. एक वेलांटी आणि टिंब. “हे कुणाचं नाव आहे, वाचून दाखवा.” त्या रात्री वॉर्डात आम्ही दोघी होतो आणि दोघी तशीच वेलांटी काढायचो. वीस मिनिटं त्या एका वेलांटीवर गेली. बाहेर पडल्यावर कोर्टासमोरच्या टपरीवर नाव, हुद्दा आणि रजिस्ट्रेशन नंबर असलेला शिक्का करायला टाकला. साठ रुपये घेतले त्यानं, संध्याकाळच्या ड्युटीआधी मिळाला.